३०४ स्टेनलेस आणि ईएन ८ : घर्षण जोडाची ताकद कशी तपासावी

पंपाच्या शाफ्टचे पाण्यात राहणारे टोक गंजू नये म्हणून ते स्टेनलेस स्टीलचे करावे लागते. मोटरच्या बाजूचा, कपलिंग आणि बेअरिंग बसणारा भाग मात्र मध्यम कार्बनच्या साध्या पोलादाचा असला तरी चालतो, आणि त्यामुळे खर्च बराच वाचतो. इंजिनाच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हमध्येही हीच युक्ती आहे. तापलेला वायू झेलणारे डोके २१-४एन या ऑस्टेनिटिक पोलादाचे, तर टोकाला कडक करता येणारा दांडा ईएन ५२ सारख्या क्रोम-सिलिकॉन पोलादाचा असतो, आणि दोन्ही तुकडे घर्षण जोडकामाने, म्हणजे फ्रिक्शन वेल्डिंगने, एकत्र केलेले असतात. अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी आणि गुणवत्ता विभागात नव्याने रुजू झालेले तंत्रज्ञ यांच्यापुढे अशा जोडांच्या यांत्रिक गुणधर्मांच्या तपासणीचे काम हमखास येते. त्यांच्यासाठी हा लेख आहे. उदाहरण म्हणून १२ मिमी व्यासाच्या ३०४ स्टेनलेस आणि ईएन ८ या मध्यम कार्बनच्या पोलादाच्या दोन सळ्यांचा जोड घेतला आहे, कारण हे दोन्ही प्रकार पिंपरी-चिंचवड किंवा सातपूरच्या कुठल्याही पोलाद व्यापाऱ्याकडे सहज मिळतात आणि त्यांच्या स्वभावातला फरक शिकण्यासारखा आहे.

आधी प्रक्रिया थोडक्यात समजून घ्यावी. एक सळी चकमध्ये फिरत राहते, दुसरी न फिरता तिच्या तोंडावर दाबली जाते. घासण्यातून निर्माण झालेल्या उष्णतेने दोन्ही तोंडे मऊ होतात, पण वितळत नाहीत. पुरेशी लांबी खपली की फिरणे एकदम थांबवून दाब वाढवला जातो आणि मऊ झालेला धातू बाहेर ढकलला जाऊन सांधा बसतो. बाहेर आलेल्या कॉलरसारख्या कडेला फ्लॅश म्हणतात, आणि दोन्ही टप्प्यांत मिळून कमी झालेल्या लांबीला बर्न-ऑफ. या कल्पनेवर १८९१ सालीच पेटंट घेतले गेले होते; तरी पोलादाच्या सळ्या अशा रीतीने व्यवहारात जोडण्याचे श्रेय १९५६च्या सुमारास सोव्हिएत संघातल्या चुडिकोव्ह या यंत्रकारागिराला दिले जाते. त्याने हे काम लेथवर केले होते. म्हणून महाविद्यालयाच्या कार्यशाळेतल्या जुन्या लेथला हायड्रॉलिक सिलिंडर आणि ब्रेक बसवून प्रयोग करणाऱ्यांनी कमीपणा वाटून घेण्याचे कारण नाही.

पहिली पायरी : माल ओळखून घेणे

दुकानदाराने सांगितलेल्या ग्रेडवर विसंबून काम सुरू करू नये. प्रत्येक सळीचा हीट नंबर (ज्या ओतकामातून ती निघाली त्याचा क्रमांक) आणि मिलचे टेस्ट सर्टिफिकेट मागून घ्यावे आणि शक्य असल्यास एक तुकडा स्पेक्ट्रो तपासणीला, म्हणजे रासायनिक घटक मोजायला, द्यावा. ईएन ८ मध्ये कार्बन साधारण ०.३५ ते ०.४५ टक्के असतो. ३०४ मध्ये तो ०.०८ टक्क्यांच्या आत, क्रोमियम १८ ते २० टक्के आणि निकेल ८ टक्क्यांच्या वर असावे लागते. लोहचुंबकाची परीक्षा अनेक जण करतात, पण ती दोन्हीकडून फसवते. स्वस्तातले २०२ स्टेनलेसही चुंबकाला चिकटत नाही, म्हणून ‘चिकटले नाही म्हणजे ३०४’ असे ठरत नाही. उलट अस्सल ३०४ जर थंड ओढून काढलेला ब्राइट बार असेल, तर ओढण्याच्या ताणाने त्यात थोडे मार्टेन्साइट, म्हणजे पोलादाची कडक, चुंबकीय रचना, तयार होते आणि चुंबक त्याला हलकेच धरतो.

ब्राइट बारचा हा मुद्दा पुढे ताण चाचणीत फार महत्त्वाचा ठरतो. अॅनील केलेल्या, म्हणजे तापवून मऊ केलेल्या, ३०४ ची ताणसामर्थ्याची किमान अपेक्षा ५१५ मेगापास्कल आणि यील्डची (सळी कायमची लांबू लागते त्या ताणाची) २०५ मेगापास्कल असते, परंतु थंड ओढलेल्या सळीत हे आकडे पुष्कळ वर गेलेले असतात. जोडकामाच्या उष्णतेने सांध्याजवळचा तेवढा पट्टा पुन्हा मऊ होतो आणि नमुना तिथेच तुटतो. नवखा माणूस अशा वेळी जोड कच्चा निघाला असे लिहून मोकळा होतो. प्रत्यक्षात जोड शाबूत असतो आणि सळीला मिळालेले उसने बळ तेवढे उतरलेले असते. म्हणून ज्या सळ्या जोडणार, त्याच सळ्यांतून मूळ धातूचे किमान दोन-दोन ताण नमुने आधी काढून तोडावेत. पुस्तकातल्या तक्त्यातले आकडे तुलनेला घेऊ नयेत.

दुसरी पायरी : दोन पोलादांच्या स्वभावातला फरक ध्यानात घेणे

३०४ मधून उष्णता सावकाश वाहते. तिची उष्णतावाहकता मीटर-केल्विनमागे सुमारे १६ वॅट आहे, तर ईएन ८ ची ५० च्या आसपास. तापल्यावर ३०४ जास्त फुगते. १०० मिमी लांबी १०० अंशांनी तापवली तर ती सुमारे ०.१७ मिमी वाढते, ईएन ८ सुमारे ०.१२ मिमी. शिवाय लाल तापमानाला ईएन ८ लोण्यासारखे मऊ पडते, पण ३०४ आपली ताकद बरीच टिकवून धरते. यामुळे फ्लॅश दोन्हीकडे सारखा येत नाही. ईएन ८ च्या बाजूला मोठी, मागे वळलेली कॉलर आणि ३०४ च्या बाजूला बारीकशी कड, असे दृश्य दिसले तर घाबरू नये. ते अपेक्षितच आहे. घाबरण्यासारखी गोष्ट वेगळी आहे. दोन कॉलरींमधली फट जर सळीच्या मूळ पृष्ठभागाच्याही आत शिरलेली दिसत असेल, तर परिघाला सांधा बसलेला नाही, आणि तो नमुना पुढे नेण्यात अर्थ नाही.

गार होताना काय घडते, हे याहून महत्त्वाचे आहे. तापलेला भाग जेमतेम काही मिलिमीटरचा असतो आणि त्याच्या पाठीमागे थंड सळी असते, त्यामुळे उष्णता झपाट्याने शोषली जाते. ०.४ टक्के कार्बनच्या पोलादासाठी हे एक प्रकारे पाण्यात न बुडवता दिलेले पाणीच, म्हणजे एकदम गार करून कडक करणेच, असते. सांध्यालगतच्या ईएन ८ मध्ये मार्टेन्साइट तयार होऊ शकते, आणि ०.४ टक्के कार्बनचे पूर्ण मार्टेन्साइट विकर्स या काठिण्याच्या मापात ६०० च्या वर जाते, म्हणजे काचेसारखे ठिसूळ. याच वेळी कार्बन ईएन ८ मधून ३०४ कडे सरकू पाहतो, कारण क्रोमियमला कार्बनची ओढ असते. परिणामी जोडरेषेच्या एका अंगाला कार्बन गमावलेली मऊ फेराइटची पट्टी आणि दुसऱ्या अंगाला क्रोमियम कार्बाइडची कडक पट्टी तयार होऊ शकते. काही सेकंदांच्या घर्षणात या पट्ट्या अगदी अरुंद राहतात. घर्षण जितके लांबेल किंवा नंतर जितका वेळ भट्टीत जाईल, तितक्या त्या रुंदावतात.

तिसरी पायरी : तोंडे तयार करणे आणि दाबाचा हिशेब

दोन्ही तोंडे लेथवर फेसिंग करून काटकोनात घ्यावीत, मधोमध टूलची घुंडी शिल्लक राहू देऊ नये आणि बांधण्यापूर्वी अॅसिटोनने पुसावीत. पुसल्यानंतर तोंडाला बोट लावू नये. चकबाहेर सळी साधारण तिच्या व्यासाएवढीच ठेवावी, कारण जास्त बाहेर ठेवलेली सळी दाबाखाली वाकते आणि सांधा तिरका बसतो. यंत्रावर गार्ड आणि डोळ्यांवर चष्मा असल्याशिवाय स्पिंडल सुरू करू नये. लाल फ्लॅशचे तुकडे उडतात आणि सुटलेली सळी चाबकासारखी फिरते.

आता दाब. प्रकल्प अहवालांत सर्वाधिक चुका इथे दिसतात, कारण विद्यार्थी गेजवर दिसणारा दाब जसाच्या तसा ‘घर्षण दाब’ म्हणून लिहितात. गेज सिलिंडरमधल्या तेलाचा दाब दाखवतो. आपल्याला हवा असतो तो सळीच्या तोंडावरचा दाब. कार्बन पोलादासाठी घर्षणाचा दाब साधारण ३० ते ६० मेगापास्कल आणि शेवटचा फोर्जिंग दाब ७५ ते १५० मेगापास्कल या पट्ट्यात सुरुवात करण्याची पद्धत आहे. ३०४ गरम असतानाही ताठ राहत असल्याने या पट्ट्याच्या वरच्या बाजूकडे झुकणे बरे. समजा घर्षणाला ५० आणि फोर्जिंगला १२० मेगापास्कल ठरवले. १२ मिमी सळीच्या तोंडाचे क्षेत्रफळ ११३ चौरस मिमी भरते, म्हणजे लागणारे बल अनुक्रमे ५.६५ आणि १३.६ किलोन्यूटन. सिलिंडरचा बोअर ६३ मिमी असेल तर पिस्टनचे क्षेत्रफळ ३११७ चौरस मिमी होते, आणि गेजवर अनुक्रमे सुमारे १८ आणि ४४ बार दिसले पाहिजेत. हा हिशेब वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा आणि सोबत बोअरचे मापही लिहावे, म्हणजे वर्षभराने दुसऱ्या कुणाला ते आकडे दुसऱ्या यंत्रावर वापरता येतील.

वेगाचेही तसेच आहे. मिनिटाला १५०० फेरे एवढेच लिहून काही कळत नाही, कारण १२ मिमी सळीच्या परिघाला त्यातून मिनिटाला सुमारे ५७ मीटर वेग मिळतो आणि २४ मिमी सळीला त्याच्या दुप्पट. सळीच्या अगदी मध्यबिंदूला मात्र वेग कितीही ठेवला तरी शून्यच असतो. तिथली उष्णता आजूबाजूने वाहत येते. घर्षणाचा वेळ कमी पडला तर सर्वांत आधी कच्चा राहतो तो हा मध्य. ब्रेक आणि फोर्जिंग दाब यांचा मेळही नीट पाहावा: दाब उशिरा आला तर तोंडे तोवर घट्ट होऊ लागलेली असतात, आणि स्पिंडल थांबण्यास उशीर झाला तर नुकताच बसलेला सांधा पिळवटून फाटतो.

पहिले आठ-दहा जोड केवळ बर्न-ऑफ बसवण्यासाठी खर्ची घालावेत. जोडण्यापूर्वी आणि नंतर एकूण लांबी व्हर्नियरने मोजावी. एकाच सेटिंगवर तीन जोड केले आणि बर्न-ऑफमध्ये मोठा फरक आला, तर यंत्रात किंवा तोंडाच्या तयारीत दोष आहे, आणि तो दूर होईपर्यंत एकही चाचणी करू नये. त्यानंतर प्रत्येक सेटिंगसाठी किमान सहा जोड करावेत: तीन ताण चाचणीला, एक कापून पाहायला आणि दोन राखून ठेवायला. आघात चाचणीसाठी जाड सळीचे वेगळे जोड लागतात, त्याचे कारण पुढे येईल.

चौथी पायरी : ताण चाचणी, आणि ती काय सांगत नाही

ताण चाचणी भारतीय मानक आयएस १६०८ किंवा अमेरिकी एएसटीएम ई ८ प्रमाणे करावी. फ्लॅश काढून जोडरेषा गेज लांबीच्या (नमुन्याच्या मोजायच्या बारीक भागाच्या) बरोबर मध्ये येईल असा ८ मिमी व्यासाचा नमुना टर्न करावा. या व्यासाचे क्षेत्रफळ ५०.३ चौरस मिमी आहे. समजा कमाल भार ३०.२ किलोन्यूटन आला, तर ताणसामर्थ्य सुमारे ६०० मेगापास्कल. दोन मूळ धातूंपैकी दुबळा जर ६१० मेगापास्कलला तुटला असेल, तर जोडाची कार्यक्षमता ९८ टक्क्यांच्या वर भरते. लांबीतली टक्केवारीची वाढ अशा नमुन्यात फारशी बोलकी नसते, कारण सगळी ओढ मऊ बाजूला होते आणि दुसरी बाजू जवळपास जशीच्या तशी राहते. तो आकडा लिहायचाच असेल तर दोन्ही बाजूंची वाढ वेगळी मोजून लिहावी. नमुना ८ मिमीपर्यंत टर्न केल्यामुळे परिघाचा २ मिमी थर निघून गेलेला असतो, हेही विसरू नये. परिघाला दोष असेल तर तो कचऱ्यात जातो आणि अहवालात येत नाही, म्हणून एखादा नमुना फक्त फ्लॅश साफ करून पूर्ण व्यासाचाही तोडावा.

आता मला सर्वांत आग्रहाने सांगायची गोष्ट. दोन वेगळ्या पोलादांच्या जोडाची साधी ताण चाचणी ही बहुतेक वेळा त्यांतल्या दुबळ्या पोलादाची चाचणी असते, जोडाची नसते. उमेदवारीच्या काळात भोसरीतल्या एका छोट्या शॉपमध्ये मी हा धडा शिकलो. ३०४ आणि ईएन ८ चे शाफ्ट जोडण्याचे काम चालू होते आणि ताण नमुने एकामागून एक ३०४ च्या बाजूला, जोडरेषेपासून लांब, छान मान काढून, म्हणजे आधी ताणून बारीक होऊन, तुटत होते. सगळे खूश होते. फक्त फ्लॅश काढणारा लेथवाला कुरकुर करत होता की आज एचएसएस (हाय स्पीड स्टीलच्या) टूलची धार दर दोन जॉबला बसते आहे. त्याच्याकडे कुणी लक्ष दिले नाही. दुपारी पॅकिंग करताना एक शाफ्ट बाकावरून फरशीवर पडला आणि सांध्यातून काडीसारखा तुटला. तुकडा उचलून पाहिला तर तोंड सपाट, राखाडी, कुठेही मान आलेली नाही, आणि मधोमध मसुरीच्या दाण्याएवढा एक चकचकीत ठिपका, जिथे तोंडे नुसती घासली गेली होती, जुळली नव्हती. नंतरच्या तपासणीत कळले की ईएन ८ च्या गठ्ठ्यात ईएन २४ च्या सळ्या मिसळल्या होत्या. त्या निकेल-क्रोम-मॉलिब्डेनम पोलादाची पाणी धरण्याची क्षमता एवढी मोठी असते की हवेत गार होतानाही सांध्यालगत कडक मार्टेन्साइट तयार झाले होते. घर्षणाचा वेळ अपुरा होता, तो दोष निराळाच. दोन्ही दोष ताण चाचणीने झाकून ठेवले, कारण ३०४ आधी हार मानत होते.

म्हणून ताण चाचणीच्या जोडीला खाचेचा ताण नमुना हटकून करावा. ८ मिमीच्या नमुन्यावर बरोबर जोडरेषेवर ६० अंशांची व्ही खाच फिरवून मुळाशी ६ मिमी व्यास ठेवला, तर क्षेत्रफळ २८.३ चौरस मिमी उरते आणि तुटणे जोडरेषेतच व्हावे लागते. खाचेमुळे धातूला आडवे आकसता येत नाही, त्यामुळे चांगल्या, चिवट सांध्यात हा आकडा गुळगुळीत नमुन्यापेक्षा जास्त येतो. तो कमी आला तर सांधा ठिसूळ आहे असे समजावे. जोडरेषा डोळ्यांना दिसत नसेल तर नमुना नायटलने (अल्कोहोलमध्ये मिसळलेल्या नायट्रिक आम्लाने) पुसावा. ईएन ८ काळवंडते, ३०४ चकचकीत राहते, आणि सीमारेषा पेन्सिलीने ओढल्यासारखी दिसते.

पाचवी पायरी : कापून पाहणे आणि काठिण्याची रेघ

एक जोड अक्षाच्या दिशेने वायर-कटवर (तारेच्या विद्युत ठिणग्यांनी कापणाऱ्या यंत्रावर) मधोमध कापावा. वायर-कटने पृष्ठभागावर पुन्हा घट्ट झालेला पातळ थर राहतो, तो घासून पूर्ण काढावा. पॉलिश करताना दोन पोलादे सारखी झिजत नाहीत आणि जोडरेषेवर पायरी तयार होते. कापडावर कमी वेळ आणि कडक पृष्ठभागावर जास्त वेळ दिला की ती आटोक्यात राहते. एचिंगचा, म्हणजे आम्लाने धातूची रचना उघडी करण्याचा, क्रम पाळावा. आधी २ टक्क्यांचे नायटल लावून ईएन ८ ची रचना पाहावी, छायाचित्रे घ्यावीत, आणि मगच ३०४ साठी १० टक्के ऑक्झॅलिक आम्लात विद्युत एचिंग करावे, कारण त्यात ईएन ८ ची बाजू खाऊन जाते. नायटल करताना आम्ल अल्कोहोलमध्ये थोडे थोडे घालावे आणि ५ टक्क्यांहून तीव्र मिश्रण बूच घट्ट लावून कपाटात कधीही ठेवू नये. ते स्फोटक ठरू शकते.

उष्णताबाधित पट्टा मध्यभागी अरुंद आणि परिघाकडे रुंद, म्हणजे डमरूसारखा दिसतो. म्हणूनच काठिण्य मोजणाऱ्या ठशांची एकच रेघ पुरेशी नाही. मध्यभागी एक, त्रिज्येच्या मध्यावर एक आणि परिघाजवळ एक, अशा तीन रेघा घ्याव्यात. ०.५ किलोग्रॅम भाराने विकर्स ३०० च्या धातूवर उमटणाऱ्या ठशाचा कर्ण सुमारे ५६ मायक्रॉन असतो, आणि दोन ठशांमध्ये निदान तीन कर्णांचे, म्हणजे सुमारे १७० मायक्रॉनचे अंतर लागते. त्याहून जवळ मारला तर शेजारच्या ठशाने दाबून कडक झालेला धातूच मोजला जातो. जोडरेषेजवळ ०.१ मिमी अंतराने वाचने हवी असतील तर ठसे नागमोडी मारावेत किंवा भार ०.१ किलोग्रॅमवर आणावा, म्हणजे ठसा २५ मायक्रॉनचा होतो.

रेघेचा आलेख वाचताना तीन गोष्टी पाहाव्यात. ईएन ८ च्या बाजूला एकदम उंच सुळका आला तर ते मार्टेन्साइट आहे. ३५० विकर्सच्या वर गेलेल्या सुळक्याकडे मी तरी संशयानेच पाहतो. सुळक्याच्या आणि जोडरेषेच्या मध्ये एखादे वाचन एकदम खाली आले तर ती कार्बन गमावलेली पट्टी असू शकते, आणि सूक्ष्मदर्शकाखाली ती पांढरी दिसते. ३०४ च्या बाजूला मात्र आलेख सळीच्या इतिहासाप्रमाणे वळतो: अॅनील केलेल्या सळीत तो जोडरेषेकडे थोडा चढतो, ब्राइट बारमध्ये उतरतो.

सहावी पायरी : आघात, वाक, पीळ आणि फटीग

आघात चाचणीचा प्रमाण नमुना १० × १० × ५५ मिमीचा, २ मिमी खोल व्ही खाचेचा असतो. १० मिमी चौकोनाचा कर्ण १४.१ मिमी भरतो, त्यामुळे १२ मिमी सळीतून तो निघूच शकत नाही, आणि ही गोष्ट सगळे जोड झाल्यानंतर लक्षात आलेले प्रकल्पगट मी पाहिले आहेत. एक तर या चाचणीसाठी १६ मिमीच्या सळ्या स्वतंत्रपणे जोडाव्यात, किंवा १० × ५ मिमीचा लहान नमुना घ्यावा. त्याचा कर्ण ११.२ मिमी असल्याने तो १२ मिमीत बसतो. लहान नमुन्याचे ज्यूल पूर्ण नमुन्याच्या ज्यूलशी थेट तोलू नयेत. खाच एचिंग केल्यावरच आखावी, कारण ती जोडरेषेपासून अर्धा मिलिमीटर जरी ३०४ कडे सरकली तर चिवट धातूच्या जोरावर भलताच सुखावणारा आकडा हाती येतो. माझ्या मते या जोडांसाठी साऱ्या चाचण्यांत हीच सर्वांत प्रामाणिक आहे.

वाकवण्याच्या चाचणीत सगळा वाक मऊ बाजूने घेतला जातो, म्हणून सांधा रोलरभोवती सक्तीने गुंडाळला जाईल अशी मांडणी करावी. शाफ्ट प्रत्यक्षात पीळ सोसतो, तेव्हा पीळ चाचणीचे यंत्र उपलब्ध असेल तर ती अवश्य करावी; पिळात सर्वाधिक ताण परिघावर येतो, आणि ताण चाचणीतून निसटलेला परिघाचा दोष इथे पकडला जातो. फटीग चाचणीला, म्हणजे पुन्हा पुन्हा भार देऊन घेण्याच्या चाचणीला, वेळ फार लागतो, एक नमुना १ कोटी फेऱ्यांपर्यंत न्यायचा तर दिवस मोडतात, म्हणून प्रकल्पात ती जमली नाही तर वाईट वाटून घेऊ नये. एवढे मात्र ध्यानात असावे की फ्लॅश तसाच ठेवलेल्या जोडात तडा फ्लॅशच्या मुळाशी असलेल्या खाचेतून सुरू होतो, आणि फिरणाऱ्या शाफ्टवरचा फ्लॅश टर्न करून काढणे केवळ देखणेपणासाठी नसते.

सातवी पायरी : निष्कर्षावरून सेटिंग बदलणे

मध्यभागी जुळलेले नाही असे तुटलेल्या तोंडावर दिसले तर घर्षणाचा वेळ किंवा दाब वाढवावा. मध्य चांगला असूनही परिघाला फट असेल तर फोर्जिंग दाब आणि ब्रेकची वेळ तपासावी. काठिण्याचा सुळका हा प्रश्न असेल तर उपाय इतका सोपा नाही. घर्षणाचा वेळ वाढवला की जास्त लांबी तापते आणि गार होणे मंदावते, पण कार्बनचे स्थलांतर वाढते. जोड चुन्याच्या भुकटीत किंवा कोरड्या राखेत पुरून गार करण्याची जुनी रीत जाड सळ्यांना उपयोगी पडते. १२ मिमीच्या सळीत साठलेली उष्णताच थोडी असल्याने ती भुकटीत जाईपर्यंत निम्मे काम आटोपलेले असते. ५५० ते ६०० अंशांना तासभर टेंपरिंग केले, म्हणजे जोड पुन्हा तापवून ठेवला, तर मार्टेन्साइट निश्चित मऊ होते, परंतु ते तापमान ३०४ च्या सेन्सिटायझेशनच्या पट्ट्यात, म्हणजे साधारण ४२५ ते ८५० अंशांच्या मध्ये पडते. तिथे कणांच्या सीमांवर क्रोमियम कार्बाइड बसते आणि सीमेलगतचा गंजरोध जातो. पाण्यात राहणाऱ्या टोकाला हे परवडणारे नाही. टेंपरिंग करावेच लागणार असेल तर ३०४ ऐवजी ०.०३ टक्क्यांच्या आत कार्बन असलेले ३०४ एल घ्यावे, आणि टेंपरिंगनंतर काठिण्याच्या तिन्ही रेघा पुन्हा माराव्यात, कारण कार्बन गमावलेली पट्टी आता रुंदावलेली असू शकते.

अहवालात प्रत्येक नमुन्यापुढे तीन गोष्टी लिहाव्यात: आकडा, तुटण्याची जागा जोडरेषेपासून किती मिलिमीटरवर आणि कोणत्या बाजूला, आणि तुटलेल्या तोंडाचे वर्णन. तुटलेले दोन्ही तुकडे एकमेकांवर ठेवून जुळवून पाहण्याचा मोह आवरावा, त्याने तोंडावरच्या खुणा चेपतात. ते पावसाळी हवेत दोन दिवसांत गंजतात, विशेषतः ईएन ८ ची बाजू. म्हणून तोडल्या तोडल्या छायाचित्र घ्यावे, तोंडाला पातळ तेल लावावे आणि दोन्ही तुकडे नमुना क्रमांकासह वेगवेगळ्या प्लास्टिकच्या पिशव्यांत ठेवावेत.